लॅप स्टीलचं ट्यूनिंग: निवडायचं कसं, लावायचं कसं, वापरायचं कसं

साध्या गिटारवर चार बोटं चार वेगवेगळ्या फ्रेटवर ठेवता येतात. लॅप स्टीलवर, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर, हातात एकच सरळ, गुळगुळीत बार. तो पाचव्या फ्रेटवर ठेवला की सहाही तारा पाचव्या फ्रेटवरच वाजणार. कुठली कॉर्ड मिळणार आणि कुठली काही केल्या मिळणार नाही, हे खुंट्या पिळतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून लॅप स्टीलवाले ट्यूनिंगवर इतका वाद घालतात.

त्या वादात ट्यूनिंगची नावं फार येतात आणि उपयोगाच्या दोन गोष्टी बाजूला पडतात. पहिली: सगळ्यात वरच्या, बारीक तारेवर कॉर्डमधला कोणता स्वर बसतो? सा, ग की प? दुसरी: बार तिरका न करता मायनर (कोमल गंधाराची कॉर्ड) आणि सेव्हन्थ (मेजरमध्ये कोमल नी मिसळलेली) मिळतात का? या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असली की कोणतंही अनोळखी ट्यूनिंग पाच मिनिटांत जोखता येतं.

आधी वाचायला शिका

वाद्य मांडीवर आडवं असताना जाड तार पोटाकडे येते, बारीक तार लांब. बारीक तार पहिली, जाड सहावी. या लेखात ट्यूनिंग जाड तारेकडून बारीक तारेकडे लिहिलं आहे. स्टील वाजवणारे बरेच लोक उलटं, बारकीपासून लिहितात. सी६ कुणी ‘सी-ई-जी-ए-सी-ई’ लिहील, कुणी ‘ई-सी-ए-जी-ई-सी’. उलटं वाचून तारा लावल्या तर एखादी तुटते, नाहीतर लोंबते. शंका आली तर सप्तक हर्ट्झमध्ये तपासा, ट्यूनरच्या ॲपवर आकडा दिसतो. सी६ चे आकडे असे: सहावी सी १३०.८, पाचवी ई १६४.८, चौथी जी १९६, तिसरी ए २२०, दुसरी सी २६१.६, पहिली ई ३२९.६. नुसतं ‘सी’ अक्षर दिसलं म्हणून थांबू नका. ट्यूनरला सप्तकाचं सोयरसुतक नसतं.

स्वरांची नावं बाजूला ठेवून प्रत्येक तार सरगममध्ये लिहून काढली तर ट्यूनिंगचा स्वभाव लगेच दिसतो. ओपन डी म्हणजे डी-ए-डी-एफ♯-ए-डी: सा-प-सा-ग-प-सा. सी६ म्हणजे सा-ग-प-ध-सा-ग. पहिल्यात वर सा, दुसऱ्यात वर ग. चाल बहुतेक वेळा पहिल्या तारेवर चालते आणि खालच्या तारा तिला कॉर्डची साथ देतात. वर सा असेल तर चालीचा सा आला की बार घरच्या फ्रेटवर असतो आणि खाली पूर्ण कॉर्ड तयार मिळते. चालीत ग आला की पहिल्या तारेवर बार चार फ्रेट वर न्यावा लागतो आणि खालची कॉर्ड बदलून भलतीच होते. नाहीतर मग तिसऱ्या तारेवर उतरावं लागतं. ज्यांच्या चाली गंधारावर विसावतात त्यांना सी६ गोड का वाटतं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

ओपन डी आणि ओपन ई

सुरुवातीला हेच लावा. ब्लूज, रॉक, सावकाश चाली, एकट्याने वाजवायचं वादन, सगळ्याला चालतं. ओपन ई म्हणजे हीच मांडणी दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट) वर: ई-बी-ई-जी♯-बी-ई. मांडणी तीच असल्याने एकावर शिकलेलं दुसऱ्यावर जसंच्या तसं वाजतं.

दोघांतलं कोणतं, हे वाद्याच्या लांबीवर सोडा. नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (दुसऱ्या टोकाची पट्टी) २२.५ इंच असेल (१९३० च्या दशकातल्या रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’पासून ही लांबी चालत आली आहे) तर सहावी तार डी वर आणली की ५६ ची (जाडी इंचाच्या हजारांश भागात) जाड तारसुद्धा जेमतेम साडेसात किलो ताणावर राहते. बार ठेवला की ती दबते आणि स्वर चढतो. तीच तार ई वर नेली की ताण साडेनऊ किलोच्या आसपास जातो, आवाज भरतो. आखूड वाद्यावर ई, २५ इंचांच्या पुढे डी, हा ढोबळ नियम धरा.

मेजर कॉर्ड कुठेही सरळ बारने मिळते: ओपन डी मध्ये जी पाचव्या फ्रेटवर, ए सातव्यावर, डी शून्यावर आणि बाराव्यावर. अडतं ते मायनरला. सहाच्या सहा तारा छेडल्या तर ग शुद्धच वाजणार. पण दोन तारांत मायनर लपलेला आहे. तिसरी आणि दुसरी तार म्हणजे एफ♯ आणि ए, मधलं अंतर तीन सेमीटोन, म्हणजे सा आणि कोमल ग. तिसऱ्या तारेवर जो स्वर येईल त्याची मायनर. डी मायनर हवी असेल तर आठव्या फ्रेटवर फक्त तिसरी-दुसरी छेडा: डी आणि एफ. ए मायनर तिसऱ्या फ्रेटवर: ए आणि सी. बाकीच्या तारा दाबून ठेवल्या तरच हे जमतं. चुकून चौथी तार वाजली तर ए मायनरच्या खाली एफ येतो आणि कान ती एफ मेजर म्हणून ऐकतो.

एकच खुंटी फिरवून या घराण्यात आणखी तीन ट्यूनिंग मिळतात. चौथी तार डी वरून सी वर आणली (दोन सेमीटोन खाली) की डी७: डी-ए-सी-एफ♯-ए-डी. ब्लूजसाठी झकास, पण मग साधी मेजर वाजवताना चौथी तार टाळावी लागते. तिसरी तार एफ♯ वरून एफ वर उतरवली की ओपन डी मायनर. एक-दोन गाण्यांपुरतं ठीक, रोजच्या वापराचं नाही. आणि तिसरी तार जी वर चढवली की डी-ए-डी-जी-ए-डी. यात गंधारच नाही. कोमल गंधाराच्या चालीत मोकळा शुद्ध गंधार मागून गुंजत राहिला की खटकतो, तो प्रश्न इथे उरत नाही. मींड घेऊन एकाच तारेवर राग किंवा चाल उलगडायची असेल तर हे लावा आणि कॉर्डचा विचार सोडून द्या.

ओपन जी

जी-बी-डी-जी-बी-डी. डोब्रोवर (धातूची तबकडी बसवलेली पोकळ गिटार) हेच असतं. वरच्या तीन तारांचाच साचा खालच्या तीन तारांवर एक सप्तक खाली पुन्हा येतो, त्यामुळे वर बसवलेली चाल खाली तशीच वाजते. पहिल्या तारेवर प येतो. मोकळ्या तारा मध्ये पेरत जलद वाजवायचं असेल तर याला तोड नाही. पण साध्या गिटारचा नट उंच करून, त्याच तारांवर हे लावू नका. सहावी तार ई वरून जी वर जाते, पाचवी ए वरून बी वर. अकूस्टिक गिटारवर हा जादा ताण ब्रिज उचलू शकतो. तिथे डी-जी-डी-जी-बी-डी लावा, त्यात एकही तार चढत नाही, तीन उतरतात.

सी६ आणि त्याचं कुटुंब

हवाईयन संगीत, वेस्टर्न स्विंग, जॅझकडे झुकणाऱ्या जुन्या चाली, यांचं हे घर. अमेरिकी स्टील वादक जेरी बर्ड यांचं नाव या ट्यूनिंगशी कायमचं जोडलं गेलं आहे. सी-ई-जी-ए-सी-ई: एकाच फ्रेटवर दोन कॉर्ड्स राहतात. सहावी-पाचवी-चौथी छेडा, सी मेजर. तिसरी-दुसरी-पहिली छेडा, ए मायनर. तिसरी तार गाळून चौथी-दुसरी-पहिली घेतली तर पुन्हा सी मेजर, पण वरच्या सप्तकात. उजव्या हाताला तार गाळायची सवय लावणं हा सी६ चा पहिला धडा आहे.

सी च्या पट्टीत (हार्मोनियमवर पांढरी एक) सगळ्या साध्या कॉर्ड्स सरळ बारने अशा सापडतात: सी शून्यावर किंवा बाराव्यावर, एफ पाचव्यावर, जी सातव्यावर, या तिन्हींसाठी चौथी-दुसरी-पहिली. डी मायनर पाचव्यावर, ई मायनर सातव्यावर, ए मायनर बाराव्यावर, या तिन्हींसाठी तिसरी-दुसरी-पहिली. तीन जागा, सहा कॉर्ड्स. बाकी पट्ट्यांसाठी सगळं तेवढंच सरकवा.

आता खोट. सी, ई, जी, ए या चार स्वरांच्या कोणत्याही जोडीत सहा सेमीटोनचं अंतर नाही. सेव्हन्थ कॉर्डची सगळी ओढ त्याच अंतरात असते: जी७ मध्ये बी आणि एफ. म्हणजे सरळ बारने सी६ वर अस्सल जी७ निघतच नाही. सी६ गोड पण मिळमिळीत, अशी तक्रार असते ती यामुळे. यावर तीन उपाय.

सोबत बास असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय: बासने जी धरावा, तुम्ही पाचव्या फ्रेटवर डी मायनर (डी, एफ, ए) वाजवा. जी च्या दृष्टीने ते प, कोमल नी आणि रे होतात, म्हणजे नाइन्थचा रंग. बी नसला तरी ऐकणाऱ्याचा कान तो भरून घेतो.

दुसरा उपाय तिरका बार, त्याबद्दल पुढे.

तिसरा उपाय खुंटीचा. सी६ च्या तारा अशा जागी बसल्या आहेत की एकेक सेमीटोन फिरवून तीन वेगळी ट्यूनिंग मिळतात आणि तारांचा संच बदलावा लागत नाही:

सी६/ए७: सहावी सी वरून सी♯. बाकी जैसे थे. आता खालच्या चार तारा (सी♯-ई-जी-ए) मिळून ए७ झाली. दहाव्या फ्रेटवर हीच जी७. किंमत एकच: खालचा सी गेला. वर सगळं जुनंच असल्याने नवशिक्यालाही दोन दिवसांत सवय होते.

ए६: सहावी सी♯, चौथी जी वरून एफ♯, दुसरी सी वरून सी♯. मिळतं सी♯-ई-एफ♯-ए-सी♯-ई. आता वरच्या तीन तारा ए मेजर आणि सगळ्यात वर प. मायनर चौथी-तिसरी-दुसरीवर गेली. ट्रायटोन (ते सहा सेमीटोनचं अंतर) इथेही नाही, पण वरचा प तारेवर लकाकतो, आणि मेजर कॉर्ड तीन लगतच्या तारांवर असल्याने तार गाळावी लागत नाही.

बी११: सहावी बी, पाचवी डी♯, चौथी एफ♯ (तिन्ही एकेक सेमीटोन खाली), दुसरी सी♯ (एक वर). मिळतं बी-डी♯-एफ♯-ए-सी♯-ई. आठव्या फ्रेटवर सहावीपासून दुसरीपर्यंत बार ओढला की जी, बी, डी, एफ, ए: भरगच्च जी९. तिथून तिसऱ्या फ्रेटवर येऊन वरच्या तीन तारा छेडा: सी, ई, जी. हवाईयन वादनात ऐकलेली ती सुस्कारा टाकल्यासारखी उतरण बऱ्याचदा अशीच निघते. अख्खं गाणं मात्र यावर ओढू नका. प्रत्येक जाड कॉर्ड इलेव्हन्थच वाटू लागते.

या तिन्हींमध्ये आधी सी६/ए७ घ्यावं. एक खुंटी, एक नवा रंग, आणि चूक झाली तर परतायला पाच सेकंद.

तारा: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

दुकानातला साधा ‘दहाचा सेट’ (१०-१३-१७-२६-३६-४६, इंचाच्या हजारांश भागात) घेऊन २२.५ इंची वाद्यावर सी६ लावलं तर काय होतं ते बघा. पहिली ई: सुमारे ५.७ किलो ताण. दुसरी सी: ६.१. तिसरी ए: ७.४. चौथी जी: ११.६. पाचवी ई आणि सहावी सी: प्रत्येकी १५.५. ट्यूनरवर सगळे दिवे हिरवे, पण बार ठेवला की जाड तारांवर तो टेकून राहतो आणि बारीक तारा त्याच्या वजनाने खाली दबतात. दबलेली तार ताणली जाते, स्वर चढतो. मग वाजवणारा बार थोडा मागे घेतो, आता जाड तारा उतरलेल्या. कॉर्ड कधीच मिळत नाही, आणि दोष कानाला दिला जातो.

त्याच वाद्यावर, त्याच ट्यूनिंगला हा संच लावा: १५, १८, २२ (तिन्ही साध्या), २६, ३२, ४२ (तिन्ही वेटाळलेल्या). ताण अनुक्रमे १२.९, ११.७, १२.३, ११.६, १२.५, १३.१ किलो. सगळ्या तारा सारख्या कणखर, बार सपाट बसतो. हाच संच वर सांगितलेल्या तिन्ही ट्यूनिंगना पुरतो. ओपन ई साठी १५, २०, २६, ३२, ४२, ५६. यात तिसरीपासून पुढच्या वेटाळलेल्या. तयार संच आणलात तर आकडे एक-दोन हजारांशांनी इकडेतिकडे असतील, बिघडत नाही. तत्त्व एवढंच की प्रत्येक तार ११ ते १३ किलोच्या जवळपास राहावी.

वाद्य लांब असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. २२.५ वरून २५.५ इंचांवर गेलात तर त्याच तारा, त्याच स्वराला २८ टक्के जास्त ताण मागतात. मग प्रत्येक तार एक-दोन पायऱ्या बारीक घ्या.

खुंटी वर पिळताना हे आकडे लक्षात ठेवा: एक सेमीटोन चढवला की ताण १२ टक्के वाढतो, दोन चढवले की २६, तीन चढवले की ४१, पाच चढवले की ७८. दोन सेमीटोनपर्यंत तीच तार चालवा. त्यापुढे तार बदला, हट्ट करू नका. उतरवतानाही हेच: तीन सेमीटोन खाली गेलेली तार ढिली होऊन बारखाली खडखडते.

गेज (तारेची जाडी) बदललं की एक गोष्ट हमखास विसरली जाते: नटच्या खाचा. बार सरळ असतो, त्यामुळे तारांची वरची बाजू एका पातळीत हवी. १५ ची तार आणि ४२ ची तार यांच्या जाडीत सुमारे ०.७ मिलिमीटरचा फरक आहे. खाचा सगळ्या सारख्या खोल असतील तर जाड तार तेवढी वर येते आणि शेजारची बारीक तार बारपासून सुटते. पहिल्या फ्रेटवर बार अलगद ठेवा, डोळा तारांच्या पातळीला आणा, उजेड मागे धरा. ज्या तारेत आणि बारमध्ये फट दिसेल ती खाच उंच आहे असं नाही, बहुतेकदा तिची शेजारीण उंच आहे. उंच तारेची खाच कानस लावून उतरवा, एका वेळी दोन-चार घासे, आणि पुन्हा बघा. ब्रिजच्या टोकालाही हीच तपासणी.

ट्यूनिंग बदलताना

१. आधी उतरणाऱ्या तारा उतरवा, मग चढणाऱ्या चढवा. मधल्या काळात वाद्यावर जादा ताण येत नाही.

२. उतरवताना हव्या स्वराच्या खाली जा आणि मग वर येत थांबा. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांत ढिलाई उरते आणि पहिल्या जोरकस छेडीला तार आणखी उतरते.

३. प्रत्येक तार बोटाने हलकी ओढा, पुन्हा जुळवा. नटमध्ये तार अडकत असेल तर ‘टिक्’ आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

४. सहाही तारा झाल्या की पहिल्यापासून पुन्हा एक फेरी मारा. एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या थोड्या हलतातच. भरीव लाकडाच्या लॅप स्टीलवर कमी, पोकळ डोब्रोवर जास्त.

५. शेवटी कॉर्ड म्हणून ऐका, एकेक तार म्हणून नाही.

गंधार कुठे लावायचा

शेवटची पायरी कळीची आहे. ट्यूनर जो एफ♯ दाखवतो तो समान अंतराच्या सप्तकातला. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली असतो. साध्या गिटारवर हा फरक बोटांच्या गडबडीत झाकला जातो. लॅप स्टीलवर कॉर्ड लांब वाजत राहते, त्यामुळे गंधार चढा असेल तर आवाजात ‘वँव-वँव’ असं हेलकावणं ऐकू येतं.

कानाने लावायचा असेल तर: ओपन डी मध्ये चौथ्या तारेला (डी) चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला, बोट नुसतं टेकवून छेडा. बारीक, काचेसारखा स्वर निघेल. मग तिसऱ्या तारेला (एफ♯) पाचव्या फ्रेटवर तसंच करा. दोन्ही स्वर एकच असायला हवेत. हेलकावे थांबेपर्यंत तिसरी तार खाली आणा. सी६ मध्ये हीच युक्ती सहाव्या आणि पाचव्या तारेवर.

ट्यूनरने लावणार असाल तर सी६ साठी सी शून्य, ई −१४, जी +२, ए −१६ सेंट. यात सी मेजर आणि ए मायनर दोन्ही निखळ लागतात. हे एकट्याने वाजवताना. सोबत कीबोर्ड किंवा पियानो असेल तर अर्ध्यावर थांबा, ई −७ आणि ए −८, नाहीतर पहिल्या तारेवरची चाल कीबोर्डच्या खाली वाटेल. कॉर्डचा गोडवा थोडा कमी होतो, पण भांडण टळतं.

बार: सरळ आणि तिरका

ट्यूनिंग कितीही नेमकं असलं तरी बार एक मिलिमीटर चुकला की २२.५ इंची वाद्यावर बाराव्या फ्रेटजवळ स्वर ६ सेंट सरकतो, पहिल्या फ्रेटजवळ ३. बार फ्रेटच्या रेषेच्या बरोबर वर हवा. साध्या गिटारसारखा मागे नको. डोकं बाजूला झुकवून बघितलं तर रेषा सरकलेली दिसते, म्हणून वरून सरळ बघा. बारमागच्या तारांवर अनामिका आणि करंगळी हलकी टेकलेली ठेवा. नाहीतर बार आणि नट यांच्यामधला तारेचा तुकडाही वाजतो आणि ट्यूनिंग बिघडल्यासारखं ऐकू येतं. ट्यूनिंगबद्दलच्या निम्म्या तक्रारी या करंगळीपाशी मिटतात.

तिरका बार दोन प्रकारचा. बारचं टोक (बारीक तारांकडचं) ब्रिजकडे नेलं की पुढचा तिरका: बारीक तार वरच्या फ्रेटवर, जाड तार खालच्या. टोक नटकडे नेलं की उलटा तिरका.

सी६ वर जी७ चा गाभा असा काढा: चौथी तार दहाव्या फ्रेटवर (एफ), दुसरी तार अकराव्या फ्रेटवर (बी), पुढचा तिरका, तिसरी तार वाजवायची नाही. लगेच बार सरळ करत बाराव्यावर जा आणि चौथी-दुसरी-पहिली छेडा: सी मेजर. हेच खाली, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर, उलट्या तिरक्याने मिळतं: तिसरी तार दुसऱ्यावर (बी), पहिली पहिल्यावर (एफ). पण तिथे फ्रेट सुमारे ३० मिलिमीटर रुंद, दहाव्या-अकराव्याच्या मध्ये फक्त १८. कोन खूप वाढतो, बार हातातून निसटतो. तिरक्याचा सराव सातव्या फ्रेटच्या वरच सुरू करा.

तिरक्या बारने तीन तारा एकदम बरोबर क्वचितच लागतात. दोन तारा धरा, तिसरी सोडून द्या. कोन जमला की नाही हे ऐकायला आधी खालची तार एकटी छेडा, मग वरची एकटी, मग दोन्ही. एकदम छेडून ‘काहीतरी चुकतंय’ म्हणत बसण्यापेक्षा कोणतं टोक चुकलंय ते लगेच कळतं.

एका बैठकीत दोन ट्यूनिंग

गायकाची पट्टी बदलली म्हणून ट्यूनिंग बदलू नका, बार सरकवा. मोकळ्या तारांवर बेतलेलं गाणं असेल तरच अडचण. साध्या गिटारचा कॅपो (तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) उंच नटवर बसत नाही. लॅप स्टील-डोब्रोसाठीचा, तारांवरच अडकणारा वेगळा कॅपो मिळतो. तो घातल्यावर गंधार पुन्हा तपासा.

गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचंच असेल तर एकाच कुटुंबात राहा: सी६ ते सी६/ए७, ओपन डी ते डी७. एक खुंटी, एक-दोन सेमीटोन. सी६ वरून ओपन डी कडे जायचं तर सहावी तार दहा सेमीटोन खाली जाते, त्याला दुसरं वाद्य लागतं. आणि बदललेली तार पहिल्या गाण्यात थोडी सरकणारच. त्या गाण्यात ती तार चालीसाठी वापरू नका, कॉर्डमध्ये आत दडवा, दुसऱ्या गाण्याआधी एकदा जुळवून घ्या.